शाळेला सांगायचं, पण काय?

जूनमध्ये शाळेचा फॉर्म भरताना एक रकाना बहुतेक घरांत दोन सेकंदांत उरकला जातो. ‘पाल्यास काही आजार किंवा चालू औषधे असल्यास’. त्यापुढे ‘नाही’ लिहिलं जातं आणि पान उलटतं. ज्यांच्या मुलाला खरंच काही नाही, त्यांचं ठीक आहे. पण रोज सकाळ-संध्याकाळ फिटची गोळी घेणाऱ्या, डब्याआधी इन्सुलिन लागणाऱ्या, दप्तराच्या आतल्या कप्प्यात दम्याचा पंप ठेवणाऱ्या मुलांचे आईवडीलही त्याच रकान्यात ‘नाही’ लिहितात. बालरोगतज्ज्ञ म्हणून हे मला पालकांकडूनच कळतं. तपासणी संपते, चिठ्ठी हातात पडते, आणि दारापर्यंत गेलेली आई परत वळून विचारते, ‘‘डॉक्टर, हे शाळेत सांगावं लागेल का हो?’’ त्या ‘का हो’मध्येच तिला ‘नाही’ ऐकायचं असतं.

या प्रश्नाला सरसकट ‘हो’ म्हणणारे डॉक्टर आहेत. मला ते पटत नाही. माझी कसोटी साधी आहे. शाळेच्या पाच-सहा तासांत असं काही घडू शकतं का, की माहिती असलेला मोठा माणूस वेगळं वागेल आणि त्यामुळे मुलाचं नुकसान टळेल? उत्तर ‘हो’ असेल, तर सांगणं पालकांच्या मर्जीवर सोडण्यासारखं नाही, सांगायलाच हवं. उत्तर ‘नाही’ असेल, तर ते औषध आणि तो आजार घरातच राहू द्यावा. आणि सांगायचं ठरलं, तरी शाळेला फाइल द्यायची नसते. शाळेने काय करायचं, तेवढं सांगायचं असतं.

आधी पालकांच्या भीतीबद्दल. ती वेडगळ नाही. फिट येणाऱ्या मुलीच्या आईला वर्गातल्या बाकापेक्षा पंधरा वर्षांनंतरचं लग्न जास्त दिसत असतं, याला आपला समाज जबाबदार आहे, आणि काही काळ कायदाही होता. हिंदू विवाह कायद्यातल्या विवाहाच्या अटींमध्ये अपस्माराचा उल्लेख होता. तो १९९९च्या दुरुस्तीने काढला गेला. म्हणजे आज शाळेत जाणाऱ्या मुलांच्या आया स्वतः लहान होत्या, तेव्हा हा शब्द कायद्यात होता. अशा वातावरणात वाढलेल्या बाईला ‘लपवू नका’ असा उपदेश करणं सोपं आहे. शिवाय सांगितल्यावर काय होतं, याचे अनुभवही ऐकायला मिळतात. सहलीला नेत नाहीत. खेळाच्या तासाला कडेला बसवतात. ‘तुम्ही दुसरी एखादी शाळा बघा ना, तिथे जास्त लक्ष देतील,’ असं गोड आवाजात सुचवतात.

तरीही फिटच्या बाबतीत मी ठामपणे सांगा म्हणतो. पालकांचा युक्तिवाद असा असतो: गोळी घरीच देतो, शाळेत काही द्यायचं नाही, मग सांगायचं कशाला? पण इथे शाळेचं काम औषध देण्याचं नाहीच. न सांगितलेल्या वर्गात मुलाला आकडी आली, की काय होतं ते आठवून पाहा. कुणी कांदा आणतं, कुणी चप्पल नाकाला लावतं, कुणी हातात किल्ल्यांचा जुडगा कोंबतं. दातखीळ बसू नये म्हणून तोंडात चमचा घातला जातो आणि दात तुटतात. बेशुद्ध मुलाच्या तोंडात पाणी ओततात, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. बहुतेक आकड्या दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात, त्यामुळे त्या वेळी हातात जे असेल त्याला श्रेय मिळतं. कांद्याची कीर्ती अशीच टिकून आहे.

करायचं असतं ते फार थोडं. मुलाला कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवायचं, आजूबाजूची बाकं सरकवायची, तोंडात काहीही घालायचं नाही, आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबलं नाही, किंवा थांबून लगेच पुन्हा सुरू झालं, तर १०८ला फोन. नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे काही मुलांना लिहून दिलेला असतो; तो शाळेत ठेवायचा असेल, तर किती पफ आणि कधी, हे डॉक्टरांच्या सहीने कागदावर हवं. झटका ओसरल्यावर मूल झोपाळतं, कधी कपडे ओले झालेले असतात. तेव्हा वर्ग बाहेर काढणं आणि अंगावर काहीतरी पांघरणं, हे काम कुठल्याही स्प्रेइतकंच मोलाचं आहे, आणि ते बाईंना आधीच माहीत असेल तरच सुचतं.

फिटचा दुसरा एक प्रकार असतो, त्यात मूल पडत नाही. काही सेकंद शून्यात बघत राहतं, मग जणू काही झालंच नाही असं पुढे सुरू होतं. दिवसातून कितीतरी वेळा. घरी ते लक्षात येतंच असं नाही, वर्गात येतं. फक्त तिथे त्याचं नाव ‘लक्ष नसतं’ असं असतं. श्रुतलेखनात मधले शब्द गाळणाऱ्या मुलाला रोज बोलणी बसतात. बाईंना सांगून ठेवलं, तर त्याच बाई डॉक्टरांना उपयोगी नोंद देतात: या महिन्यात कमी झालंय, गेल्या आठवड्यात परत दिसलं. औषधाचा डोस ठरवताना माझ्या दृष्टीने अशी नोंद फार मोलाची असते.

टाइप-१ मधुमेहात तर प्रश्नच उरत नाही. या मुलांच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयार होत नाही, ते बाहेरून टोचावं लागतं, आणि अनेकांना डब्याआधीची एक सुई शाळेतच घ्यावी लागते. शाळेला सांगितलेलं नसेल, तर ती सुई कुठे घेतली जाते? स्वच्छतागृहात, कडी लावून, घाईघाईत. सातवीतल्या एका मुलीने मला सांगितलं, की मैत्रिणी दार ठोठावतात म्हणून ती आठवड्यातले दोन-तीन दिवस सुई टाळतेच. साखर वाढली, की वारंवार लघवीला लागतं आणि तहान लागते. मग तासाला सारखी परवानगी मागणारी मुलगी ‘नाटकं करते’ असं ठरतं.

साखर कमी होणं त्याहून तातडीचं. ७०च्या खाली गेली, की घाम, थरथर, भूक, आणि पुष्कळदा चिडचिड किंवा विचित्र वागणं. बाहेरून ते उद्धटपणासारखं दिसतं. अशा मुलाला ‘वर्गाबाहेर उभा राहा’ म्हणणं किती धोक्याचं आहे, हे न सांगितलेल्या शिक्षकाला कळायचं कसं? तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यातून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर तपासायची, मग काहीतरी खायला द्यायचं. मुलाला एकटं सोडायचं नाही, पाणी प्यायलासुद्धा एकटं पाठवायचं नाही. शुद्ध नसेल, तर तोंडावाटे काहीही न देता थेट दवाखाना. वर्गशिक्षिकेला हे समजावून सांगायला पाच मिनिटं पुरतात.

या आजाराबाबत वरून सूचनाही आल्या आहेत. सीबीएसईने २०१७मध्ये मधुमेही विद्यार्थ्यांना बोर्डाच्या परीक्षेत गोळ्या-चॉकलेट, फळ, सँडविच, पाण्याची बाटली जवळ ठेवायची मुभा दिली. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०२३मध्ये राज्यांना लिहिलं, की अशा मुलांना वर्गात साखर तपासू द्यावी, इन्सुलिन घेऊ द्यावं, मधल्या वेळचं खाऊ द्यावं. पण ही मुभा कुणाला द्यायची हे शाळेला कळलं पाहिजे ना! ‘नाही’ लिहिलेल्या फॉर्मवरच्या मुलाला ती मिळत नाही.

दम्याचं तुलनेने सोपं आहे. पंप कुठे आहे, तो मुलाच्या हाताशी राहू द्यावा, जप्त करून ऑफिसच्या कपाटात ठेवू नये, एवढं शाळेने पाळलं तरी पुष्कळ. पीटीच्या सरांना मात्र नावानिशी सांगावं, कारण धावण्याने दम लागणारं मूल आणि आळशी मूल मैदानावर सारखीच दिसतात.

आता न सांगण्याच्या गोष्टी. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी घेतली जाते. शाळेला त्यात काही करायचं नसतं. रात्री झोपताना दिली जाणारी वाढीची इंजेक्शनंही तशीच. आणि एचआयव्ही. एआरटीची औषधं घरी घेतली जातात, वर्गात बसण्या-खेळण्याने, डबा वाटून खाण्याने संसर्ग होत नाही, जखम कुणाचीही असो, हातमोजे घालूनच पुसायची असते. म्हणजे माझ्या कसोटीवर शाळेने वेगळं करण्यासारखं काहीच नाही, आणि कळल्यावर नुकसान मात्र अपार. २०१७च्या एचआयव्ही कायद्यानुसार कुणालाही आपली स्थिती उघड करायची सक्ती करता येत नाही, आणि या कारणावरून शिक्षण नाकारता येत नाही. अशा पालकांनी त्या रकान्यात ‘नाही’ लिहिलं, तर मी त्याला खोटं म्हणणार नाही.

एक गोष्ट मात्र बहुतेकांच्या लक्षात येत नाही. शाळा स्वतःही औषधं देते. राष्ट्रीय जंतनाशक दिनाला अल्बेंडाझोलची गोळी, सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवड्याला लोहाची गोळी. या योजना चांगल्या आहेत, आपल्याकडे मुलांमधला रक्तक्षय पाहता गरजेच्या आहेत. पण थॅलेसेमियाच्या ज्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, त्याच्या शरीरात लोह आधीच जास्त साठलेलं असतं. ते काढायला त्याला वेगळं औषध चालू असतं. त्यालाच वर्गात रांगेत उभं करून लोहाची गोळी द्यायची? जंताच्या गोळीच्या दिवशीही आजारी असलेल्या किंवा दुसरं औषध चालू असलेल्या मुलाला ती देऊ नये, अशी सूचना असते. ती पाळायची, तर चालू औषध कुणाला आहे ते गोळी वाटणाऱ्या सरांना ठाऊक हवं. निवासी आश्रमशाळांत हे आणखी महत्त्वाचं. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबारकडे सिकलसेलची मुलं आहेत, त्यातल्या काहींना रोज हायड्रॉक्सियुरिया चालू असतं. ताप आला तर त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं, पाणी भरपूर प्यायला द्यायचं, थंडीत गार पाण्याने आंघोळ नको, हे अधीक्षकांना माहीत नसेल, तर आई शंभर किलोमीटरवरून काय करणार?

माहिती उलट दिशेनेही यायला हवी, याचा विचार तर आपल्याकडे होतच नाही. नेफ्रोटिक सिंड्रोममध्ये लघवीवाटे प्रथिनं जातात, अंगावर सूज येते, आणि मुलाला आठवडेच्या आठवडे, कधी महिने, प्रेडनिसोलोन घ्यावं लागतं. त्याने चेहरा गोल होतो. वर्गात त्यावरून नावं ठेवली जातात, ते एक दुःख वेगळंच. पण या औषधाने प्रतिकारशक्तीही कमी होते. वर्गात कुणाला कांजिण्या आल्या, तर इतर मुलांचं आठवडाभर खाजण्यावर भागतं, या मुलाला त्या जीवावर बेतू शकतात. संपर्क आल्याचं लगेच कळलं, तर डॉक्टरांना काही करता येतं. अंगावर फोड आल्यावर कळलं, तर उशीर झालेला असतो. रक्ताच्या कर्करोगाची औषधं चालू असलेल्या मुलाचंही हेच. पण त्यासाठी ‘वर्गात कांजिण्या किंवा गोवर निघाला, तर आम्हाला त्याच दिवशी फोन करा’ हे वाक्य वर्षाच्या सुरुवातीला कुणाला तरी सांगितलेलं असायला हवं.

सगळ्यात अवघड प्रकरण एडीएचडीच्या औषधाचं. इथे माझं मत थोडं हातचं राखून आहे. निदानासाठी लक्षणं घरी आणि शाळेत, दोन्हीकडे दिसावी लागतात. त्यामुळे शिक्षकांकडून प्रश्नावली भरून घेतलेली असते, आणि शाळेला अर्धं कळलेलंच असतं. मिथाइलफेनिडेट सुरू झाल्यावर फरक पडतोय का, हेही वर्गातच कळतं. भूक कमी होते, डबा तसाच परत येतो. ‘डबा खात नाही’ अशी तक्रार डायरीत येण्याआधी बाईंना कारण माहीत असलेलं बरं. हे सगळं सांगण्याच्या बाजूने. पण त्याच माहितीचा दुरुपयोगही मी ऐकलेला आहे. मुलाने वर्गात काही केलं, की सगळ्यांसमोर ‘आज गोळी घेतली नाहीस वाटतं?’ हा एक प्रश्न मुलाला औषध कायमचं सोडायला लावू शकतो. म्हणून इथे वर्गशिक्षिका आणि समुपदेशक असतील तर त्या, एवढ्यांनाच सांगावं, आणि ‘मुलांसमोर औषधाचा विषय काढू नका’ हे स्पष्ट शब्दांत सांगावं. नैराश्याचं औषध घेणाऱ्या नववी-दहावीतल्या मुलांबाबत तर मुलाला विचारल्याशिवाय पाऊल उचलू नये. औषध सुरू केल्यावर पहिले काही आठवडे लक्ष ठेवावं लागतं, त्यासाठी शाळेतला एक विश्वासाचा माणूस पुरतो, आणि तो कोण हे मुलालाच निवडू द्यावं.

तर सांगायचं कसं? तोंडी सांगू नका. बाई बदलतात, रजेवर जातात, विसरतात. एका पानाची चिठ्ठी पुरे: काय दिसलं तर काय करायचं, काय करायचं नाही, कधी डॉक्टरकडे न्यायचं, कोणते दोन फोन नंबर. शाळेत औषध द्यायचं असेल तर नाव, मात्रा, वेळ, डॉक्टरांची सही. अशा चिठ्ठीसाठी तुमच्या डॉक्टरांकडे हट्ट धरा; सही करायला आम्हाला दोन मिनिटं लागतात. मुख्याध्यापक, वर्गशिक्षिका, पीटीचे सर आणि शाळेच्या व्हॅनचे काका, एवढ्यांना ती माहीत हवी. व्हॅनवाल्या काकांना सगळे विसरतात, आणि मूल रोज तासभर त्यांच्याच ताब्यात असतं. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र चुकूनही नाही, ‘सर्वांच्या माहितीसाठी’ तर नाहीच नाही.

साध्या सर्दी-तापाच्या औषधांसाठी एवढा पसारा नको. दिवसातून तीन वेळा द्यायचं औषध शाळेची वेळ चुकवून देता येईल का, हे डॉक्टरांना विचारा, बहुधा जमतं. गोळ्यांची पट्टी दप्तरात देऊन ‘डब्यानंतर एक घे’ असं लहान मुलाला सांगणं टाळा, कारण डोकं दुखणाऱ्या मित्रालाही तो उदारपणे एक देतो. सर्दीच्या जुन्या धाटणीच्या औषधांनी झोप येते. तसं औषध दिलं असेल, तर डायरीत एक ओळ.

पालकांनी आपली बाजू पार पाडली, तर शाळेची बाजू उरते, आणि ती लंगडी आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल ही नावं आहेत, आणि सरकारमान्य शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यावा, गरजेप्रमाणे सोय करावी असं तो सांगतो. अपस्मार आणि टाइप-१ मधुमेह मात्र त्या यादीत नावानिशी नाहीत, तिथे शाळेच्या भलेपणावर भिस्त राहते. इंग्लंडमध्ये २०१४च्या कायद्याने आजारी विद्यार्थ्यांची व्यवस्था करणं शाळांचं कर्तव्य ठरवलं, आणि त्याच वर्षीपासून तिथल्या शाळांना दम्याचा पंप तातडीसाठी स्वतःकडे ठेवता येतो. आपल्याकडे शाळेत परिचारिका असणं ही ठराविक शाळांची चैन आहे. आयुष्मान भारतच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेत दोन शिक्षकांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार करायची कल्पना आहे. त्यांच्या प्रशिक्षणात आकडी आणि साखर कमी होणं या दोन गोष्टी तासभर हाताने करून दाखवल्या, तरी फार फरक पडेल.

शिक्षकांची भीतीही समजून घ्यायला हवी. ‘‘मी गोळी दिली आणि काही झालं तर?’’ हा प्रश्न मला शिक्षकांनी विचारला आहे, आणि तो रास्त आहे. साठ मुलांचा वर्ग, जनगणना, निवडणूक, पोषण आहाराच्या नोंदी, त्यात आता औषधं. म्हणूनच डॉक्टरांच्या सहीचा कागद पालकांइतकाच शिक्षकांच्या संरक्षणासाठी असतो. पण त्या बदल्यात मुख्याध्यापकांनी प्रवेशाच्या वेळीच पालकांना एक वाक्य लेखी द्यावं: या माहितीवरून मुलाचा प्रवेश, सहल, खेळ, परीक्षा यांवर परिणाम होणार नाही, आणि ती अमुक चौघांपलीकडे जाणार नाही. ज्या शाळेच्या फॉर्मवर असं वाक्य असेल, तिथे ‘नाही’ लिहिणारे पालक कमी होतील, अशी माझी खात्री आहे. आज रकाना आहे, पण त्यात लिहिलेलं कोण वाचणार, कुठे जाणार, हे कुठेच लिहिलेलं नसतं.

चिठ्ठी एकदा दिली म्हणजे संपलं असंही नाही. मुलाचं वजन वाढतं, मात्रा बदलते, वर्ग बदलतो, बाई बदलतात. कपाटातल्या स्प्रेची मुदत संपते, पंप रिकामा होतो. जूनमध्ये एकदा आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर एकदा जाऊन बघून यावं. सहलीच्या आदल्या दिवशी परत एकदा. आणि मूल दहा-अकरा वर्षांचं झालं, की जाताना त्याला बरोबर न्यावं. बाईंना काय सांगायचं ते त्यालाच बोलू द्यावं. बाकावरच्या मित्राला सांगायचं की नाही, हेही त्याचं त्याला ठरवू द्यावं.